धातूची जन्मतारीख

४ मे १९९२ रोजी उत्तर कोरियाने व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला आपल्या अणुसाहित्याचे पहिले विवरण सादर केले. त्यात एक नोंद प्लुटोनियमची होती. योंगब्यॉन येथील अणुभट्टीतून काढलेल्या काही खराब इंधनकांड्यांवर १९९० साली रासायनिक प्रक्रिया केली, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळे निघाले, आणि हे काम एकदाच झाले, असा त्या नोंदीचा आशय होता.

प्लुटोनियम हा बॉम्बचा माल. अणुऊर्जा संस्थेच्या मोजमापात ८ किलो प्लुटोनियम ही काळजी करण्याजोगी मात्रा समजली जाते. ९० ग्रॅम म्हणजे त्याच्या जवळपास नव्वदावा भाग. एखाद्या देशाने प्रयोगापुरते काढून पाहिले, असे म्हणून सोडून देता येण्याजोगा आकडा.

संस्थेचे निरीक्षक योंगब्यॉनला गेले. त्यांनी नमुने घेतले, तसेच यंत्रांवरून आणि बंदिस्त पेट्यांवरून कापडाच्या तुकड्यांनी धूळ पुसून घेतली. प्रयोगशाळांतून जे निष्कर्ष आले, त्यांनी विवरणातला ‘एकदाच’ हा शब्द खोडून काढला. प्लुटोनियम एका खेपेत निघालेले नव्हते. १९८९, १९९० आणि १९९१ अशा निदान तीन वेगवेगळ्या वेळच्या खुणा त्यात होत्या.

कापडावर पुसून घेतलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीला तारीख कशी माहीत असते, हा या लेखाचा विषय आहे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेचा माणूस. उमेदीची वर्षे लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. या विषयाकडे मी ओढला गेलो तो बहुधा त्यामुळेच. धातूचे वय काढणे हा मुळात हिशेबतपासणीचाच प्रकार आहे, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा पुढचे रसायनशास्त्र समजून घेण्याचा धीर आला.

वय कशाचे?

युरेनियमचे अणू पृथ्वीपेक्षा जुने आहेत. तेव्हा ‘हे युरेनियम किती वर्षांचे?’ असे तपासनीस विचारतो, त्यावेळी त्याला अणूंचे वय नको असते. हा धातू शेवटचा रासायनिक रीतीने शुद्ध केव्हा केला गेला, एवढेच त्याला हवे असते. खाणीतला दगड, त्यातून निघालेली पिवळी भुकटी, तिच्यापासून झालेला वायू, वायूपासून पुन्हा धातू, या प्रवासात युरेनियमला अनेकदा आंघोळ घातली जाते. शेवटची आंघोळ हीच त्याची जन्मतारीख.

असे का, हे समजायला किरणोत्साराची एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. किरणोत्सारी अणू फुटतो तेव्हा नाहीसा होत नाही. त्याचा दुसरा अणू होतो. पहिल्याला आपण जनक म्हणू, दुसऱ्याला अपत्य. जनकाचे निम्मे अणू फुटायला जो काळ लागतो तो त्याचा अर्धायुष्यकाळ. हा काळ उष्णतेने, दाबाने, आम्लाने, राजाज्ञेने कशानेही बदलत नाही. युरेनियमचे २३४ वस्तुमानाचे भावंड, म्हणजे समस्थानिक, सुमारे २,४५,००० वर्षांत निम्मे होते. त्यापासून जन्मते थोरियम-२३०.

खाणीतल्या दगडात हे थोरियम लाखो वर्षे साचलेले असते. कारखान्यात युरेनियम वेगळे काढताना थोरियम मागे राहते, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती दोन निराळी मूलद्रव्ये आहेत. शुद्ध युरेनियम हाती येते त्या घडीला त्यात थोरियम-२३० शून्य असते. दुसऱ्या क्षणापासून ते पुन्हा साचू लागते, ठरलेल्या वेगाने.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो. पहिल्या पानावर श्री लिहितो आणि तिथून पुढची प्रत्येक जमा त्या वहीत येते. रोजची जमा ठरलेलीच आहे, एका पैशाचा फरक होत नाही, असे समजा. मग वर्षाच्या मध्ये कुणी वही उघडून साचलेली रक्कम मोजली, तर वही कोणत्या दिवशी घातली हे त्याला भागाकार करून सांगता येईल. धातूचे वय असेच काढतात. जनक किती आणि अपत्य किती, हे मोजायचे. वेग ठाऊक आहे. उरतो तो काळ.

मराठी वाचकाला कार्बन-१४ परिचित आहे. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा काळ आपण त्यावरून सांगतो. पण तिथली रीत उलटी आहे. लाकूड किंवा धान्य जिवंत असताना त्यात कार्बन-१४ किती असते हे धरून चालतात आणि आता किती उरले ते मोजतात. युरेनियमच्या बाबतीत किती गेले हे मोजून काही हाती लागत नाही. पन्नास वर्षांत युरेनियम-२३४ चा दहा हजारांत दीड भागही जात नाही. इथे मोजायचे ते जन्मलेले.

अनेक घड्याळे आणि एक जंत्री

प्लुटोनियमची वही युरेनियमपेक्षा वेगाने भरते. अणुभट्टीत तयार झालेल्या प्लुटोनियममध्ये त्याची अनेक भावंडे मिसळलेली असतात. त्यांपैकी प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य अवघे १४.३ वर्षांचे. त्याचे होते अमेरिसियम-२४१. इंधन विरघळवून प्लुटोनियम शुद्ध काढले की अमेरिसियम बाजूला पडते आणि घड्याळ शून्यावर येते. एका वर्षात प्लुटोनियम-२४१ चे पावणेपाच टक्के अमेरिसियम होते, दोन वर्षांत सव्वानऊ, तीन वर्षांत साडेतेरा. हे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की गेल्या वर्षीचा माल आणि त्याच्या आदल्या वर्षीचा माल चांगल्या प्रयोगशाळेत सहज वेगळा ओळखू येतो.

शिवाय प्लुटोनियमच्या इतर भावंडांची आपापली घड्याळे आहेतच. प्लुटोनियम-२३८ पासून युरेनियम-२३४ होते, २३९ पासून युरेनियम-२३५, २४० पासून युरेनियम-२३६. एकाच नमुन्यात चार घड्याळे चालू असतात. युरेनियममध्येही थोरियमच्या जोडीला दुसरे घड्याळ आहे. युरेनियम-२३५ पासून पुढे प्रोटॅक्टिनियम-२३१ तयार होते.

इतकी घड्याळे कशाला, असे वाटेल. इतिहाससंशोधनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना उत्तर लगेच सुचेल. जुन्या मराठी पत्रात शक, महिना, पक्ष, तिथी आणि वार असा सगळा तपशील असला, तर संशोधक जंत्री काढतो. त्या तिथीला तो वार पडतो का, हे पाहतो. तिथी आणि वार ही दोन स्वतंत्र घड्याळे आहेत. ती जुळली तर पत्रावरचा विश्वास वाढतो. जुळली नाहीत तर लेखनिकाची चूक, नकलाकाराची चूक, किंवा पत्रच मागाहून रचलेले, अशा शंकांना जागा होते. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला सुरुवात केली, तेव्हापासून आपण बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान देत आलो. पण कागद अस्सल आहे हेही कशाने तरी ठरवावे लागते. धातूच्या बाबतीत ते काम ही घड्याळे परस्परांत करतात. थोरियम जी तारीख सांगते तीच प्रोटॅक्टिनियमने सांगितली, तर शुद्धीकरण नीट झाले होते आणि नंतर कुणी त्यात हात घातला नाही, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

दीड नॅनोग्रॅम

तत्त्व सोपे आहे. मोजणे सोपे नाही. निसर्गातल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३४ फार थोडे असते, एका ग्रॅममध्ये सुमारे ५४ मायक्रोग्रॅम. दहा वर्षांत त्यापासून होणारे थोरियम-२३० भरते दीड नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या दीडपट. असे सात किलो युरेनियम घेतले, तरी त्यातले दहा वर्षांचे थोरियम मिठाच्या एका बारीक कणाएवढेही होणार नाही.

ते तराजूत घालून मोजता येत नाही. मग एक युक्ती करतात. पोत्यात गव्हाचे दाणे किती, हे सगळे न मोजता काढायचे असेल तर काय कराल? मोजून हजार दाणे लाल रंगवायचे, पोत्यात टाकायचे, पोते चांगले घोळायचे आणि एक ओंजळ काढायची. ओंजळीत लाल दाणे किती आणि साधे किती, यावरून पोत्याचा अंदाज बांधता येतो. ओंजळ भरताना चार दाणे सांडले तरी बिघडत नाही, कारण दोन्ही जातीचे दाणे सारख्याच प्रमाणात सांडतात. प्रयोगशाळेत लाल दाण्यांचे काम थोरियम-२२९ करते. नमुना आम्लात विरघळवून त्यात हे दुसरे थोरियम अचूक मोजून घालतात, मग युरेनियमपासून सगळे थोरियम वेगळे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात त्या दोन थोरियमांचे प्रमाण पाहतात. हे यंत्र अणूंना विद्युतभार देऊन चुंबकीय क्षेत्रातून सोडते. हलका अणू जास्त वळतो, जड कमी वळतो, आणि दोघे वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पडतात.

प्रोटॅक्टिनियमसाठी लागणारा ‘लाल दाणा’ अधिक अवघड आहे. प्रोटॅक्टिनियम-२३३ चे अर्धायुष्य २७ दिवसांचे. ते बाटलीत भरून ठेवता येत नाही. नेप्च्युनियमपासून ताजे काढावे लागते. म्हणून हे दुसरे घड्याळ पाहण्याची सोय सगळ्या प्रयोगशाळांत नसते.

घड्याळ बरोबर चालते की नाही, हे पाहायला ज्याची जन्मतारीख आधीच ठाऊक आहे असा नमुना हवा. युरोपीय संघाच्या संयुक्त संशोधन केंद्राने मुद्दाम तसे युरेनियम तयार केले. २०१२ मध्ये ते काळजीपूर्वक शुद्ध केले, तारीख नोंदवली आणि दाखल्यासह जगभरच्या प्रयोगशाळांना उपलब्ध करून दिले. ज्याला या कामात उतरायचे आहे त्याने आधी या नमुन्याची तारीख काढून दाखवायची.

बाटली आणि ठोकळा

या विद्येचा उपयोग इतिहासाला किती होतो, हे दोन उदाहरणांतून दिसते. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड येथे युद्धकाळात प्लुटोनियमचा पहिला मोठा कारखाना उभा राहिला. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधले प्लुटोनियम तिथलेच. डिसेंबर २००४ मध्ये तिथला जुना कचऱ्याचा चर साफ करताना कामगारांना एक तिजोरी सापडली. आत काचेची बाटली, बाटलीत पांढुरका द्रव. तपासणीत त्यात प्लुटोनियम निघाले. त्याचे वय काढले तेव्हा तारीख आली १९४६, साडेचार वर्षे अलीकडे किंवा पलीकडे. प्लुटोनियमच्या भावंडांचे आपसातले प्रमाण पाहिले तर ते हॅनफर्डच्या भट्ट्यांशी जुळेना. ते जुळले दूर टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथील लहान भट्टीशी.

इथे कागद मदतीला आले. डिसेंबर १९४४ मध्ये हॅनफर्डचा रासायनिक कारखाना सुरू करायची वेळ आली, तेव्हा तिथल्या भट्टीचे स्वतःचे इंधन अजून तयार नव्हते. म्हणून चाचणीसाठी ओक रिजचे इंधन आणून त्यावर पहिली प्रक्रिया केली होती. बाटलीतले द्रव्य त्या पहिल्या खेपेतले ठरले. भट्टीत तयार झालेल्या आणि आज हाती असलेल्या प्लुटोनियमच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. धातूने काळाचा पट्टा आखून दिला, दप्तराने त्यातला महिना दाखवला. एकाने दुसऱ्याचे काम केले नसते.

दुसरे उदाहरण जर्मनीतले. युद्धाच्या अखेरीस वेर्नर हायझेनबर्ग यांच्या गटाने हायगरलोख या गावी किल्ल्यातल्या चर्चखालच्या खडकातील तळघरात अणुभट्टीचा शेवटचा प्रयोग केला. पाच सेंटिमीटर बाजूचे ६६४ युरेनियमचे ठोकळे तारांना बांधून जड पाण्यात सोडले होते. भट्टी पेटली नाही. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी पथक तिथे पोहोचले आणि शेतात पुरलेले ठोकळे त्याने उकरून काढले. त्यातले थोडे पुढे इकडेतिकडे गेले.

जर्मन शास्त्रज्ञांना बॉम्ब करता आला नाही की त्यांनी तो करायचे टाळले, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मायकेल फ्रेन यांच्या ‘कोपनहेगन’ या नाटकाने तो विज्ञानाबाहेरच्या प्रेक्षकांपर्यंतही नेला. आठवणी, पत्रे, मुलाखती यांचा ढीग आहे आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने आठवले असण्याची शक्यताही आहे. कार्ल्सरुह येथील युरोपीय प्रयोगशाळेने २०१५ मध्ये असा एक ठोकळा आणि त्याच प्रकल्पातली एक युरेनियमची पट्टी यांच्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. थोरियमच्या घड्याळाने सांगितले की हा माल १९४० ते १९४३ या काळात तयार झाला. त्यातल्या इतर मूलद्रव्यांच्या खुणांवरून खनिज आजच्या चेक प्रजासत्ताकातले दिसले. आणि महत्त्वाचे म्हणजे युरेनियम-२३६ आणि प्लुटोनियम-२३९ यांचे प्रमाण निसर्गात असते तेवढेच निघाले. धातूवर न्यूट्रॉनांचा मोठा मारा झालेला नव्हता.

म्हणजे तपासलेले ते युरेनियम चालत्या भट्टीत कधी राहिलेले नव्हते. हायझेनबर्ग यांच्या मनात काय होते, ते धातूला ठाऊक नाही. पण ‘भट्टी पेटली नाही’ हे विधान आता कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहिलेले नाही.

जप्तीचा माल

इतिहासाला घाई नसते, पोलिसांना असते. १९९९ च्या मे महिन्यात बल्गेरियाच्या रुसे या गावी, डॅन्यूब नदीच्या पुलावरच्या नाक्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक मोटार अडवली. तिच्यात शिशाच्या डब्यात, पिवळ्या मेणात बसवलेली काचेची कुपी होती आणि कुपीत अतिसमृद्ध युरेनियमची भुकटी. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तिची तपासणी झाली. युरेनियम-२३५ चे प्रमाण ७२ टक्क्यांहून अधिक. युरेनियम-२३६ भरपूर, म्हणजे माल पूर्वी भट्टीत वापरून पुन्हा शुद्ध केलेला. आणि शेवटच्या शुद्धीकरणाची तारीख ऑक्टोबर १९९३ ची अखेर, महिनाभर मागेपुढे.

ही तारीख का महत्त्वाची? १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला. त्यानंतर युरोपात पकडला जाणारा असा माल जुन्या गोदामांत विसरलेला असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती. रुसेचा माल त्या समजुतीत बसत नाही. १९९३ च्या शरद ऋतूत कुठला तरी कारखाना चालू होता, तिथे कुणी तरी कामावर होते आणि त्यानंतर तो माल बाहेर आला. तपासाचा प्रश्न ‘कोणत्या गोदामाचे कुलूप तुटले’ यावरून ‘त्या महिन्यांत असे काम कुठे चालू होते’ इथे येतो. संशयितांचा घेर लहान होतो. नाव मात्र घड्याळ सांगत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. मे २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७ किलो १०० ग्रॅम युरेनियम जप्त केले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते नैसर्गिक युरेनियम असल्याचा निर्वाळा दिला आणि तपास पुढे राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. बातम्यांत ठळकपणे आली ती किंमत, सुमारे २१ कोटी रुपये. वाचकांत चर्चा झाली ती बॉम्बची. वास्तविक नैसर्गिक युरेनियमचा असाच्या असा बॉम्ब होत नाही. अशा जप्तीत वाचकाने विचारावेत असे प्रश्न वेगळे आहेत. हा माल शेवटचा केव्हा शुद्ध झाला? त्या सुमारास असे शुद्धीकरण कुठे चालत होते? तिथल्या मालनोंदीत तूट आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पुढच्या दोघांना दिशा मिळते. किंमत कळून तपास एक पाऊलही पुढे सरकत नाही.

मागील बाकी

आतापर्यंत नव्या वहीच्या पहिल्या पानावर शून्य आहे, असे धरून चाललो. प्रत्येक व्यापारी तसे करत नाही. ‘मागील बाकी पुढे ओढली’ असे लिहून तो जुनी रक्कम नव्या वहीत आणतो. शुद्धीकरण अपुरे झाले तर धातूतही हेच घडते. थोडे थोरियम मागे राहते आणि तपासनिसाला ते नवीन जमा समजून मोजावे लागते. वय खऱ्यापेक्षा जास्त येते. म्हणून एकाच घड्याळावरून काढलेल्या वयाला तज्ज्ञ निर्णय मानत नाहीत. माल त्यापेक्षा जुना नाही, एवढीच मर्यादा मानतात. दुसरे घड्याळ जुळले तर मर्यादेचे तारखेत रूपांतर होते.

उलटाही धोका आहे. साठवणीत माल ओला झाला, गंजला, त्यातले अपत्य विरघळून वाहून गेले, तर वय कमी येते. दोन वेगळ्या वेळचे माल एकत्र मिसळले तर मधलीच तारीख येते, जिच्यावर प्रत्यक्षात काहीच घडले नव्हते. सीझियम-१३७ सारख्या रुग्णालयांत आणि कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्याचे अपत्य बेरियम आहे, आणि साधे बेरियम तर काचेत, धुळीत, सगळीकडे असते; ते वजा केल्याशिवाय हिशेब लागत नाही.

जाणूनबुजून खोटे करता येईल का? माल पुन्हा शुद्ध केला तर घड्याळ पुन्हा शून्यावर येते. पण त्यासाठी कारखाना, आम्ले आणि जाणती माणसे लागतात, आणि त्या कामाची धूळ पुन्हा भिंतींवर बसते. वही जाळता येते. जाळल्याची राख उरते.

योंगब्यॉनची धूळ

आता पुन्हा १९९२ कडे. तिथे एक खेप झाली असती तर धुळीतल्या प्लुटोनियमची अमेरिसियमवरून एकच तारीख आली असती. तीन आल्या. शिवाय सादर केलेले प्लुटोनियम आणि कचऱ्यात उरलेले प्लुटोनियम यांच्या भावंडांचे प्रमाण एकमेकांशी जुळत नव्हते. दुकानदाराने दाखवलेली विक्री आणि गल्ल्यातली रक्कम जुळू नये तसे. संस्थेने ९ फेब्रुवारी १९९३ रोजी दोन संशयित कचरासाठ्यांच्या जागा पाहू देण्याची खास मागणी केली. उत्तर कोरियाने नकार दिला आणि १२ मार्चला अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले.

धुळीने ‘किती वेळा’ हे सांगितले. ‘किती’ हे तिला सांगता येत नव्हते. तीन खेपांत मिळून दोनशे ग्रॅम निघाले की काही किलो, याचे उत्तर भट्टीतल्या इंधनकांड्यांत होते. १९९४ च्या मे महिन्यात उत्तर कोरियाने सुमारे ८,००० कांड्या भराभर बाहेर काढल्या, आणि कोणती कांडी भट्टीत कुठे होती याचा क्रम असा मोडला की भट्टीचा पूर्वेतिहास वाचता येईना. त्या उन्हाळ्यात गोष्टी युद्धाच्या उंबरठ्यावर गेल्या होत्या. जिमी कार्टर प्योंगयांगला गेले, आणि २१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात एक समझोता झाला. तो टिकला नाही. ९ ऑक्टोबर २००६ रोजी उत्तर कोरियाने पहिला अणुस्फोट केला.

म्हणजे तारीख बरोबर काढूनही काही थांबले नाही, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. हिशेबतपासनिसाचे काम दिवाळखोरी टाळण्याचे नसते. हिशेब खोटा असेल तर तो खोटा आहे हे वेळेवर आणि पुराव्यानिशी सांगण्याचे असते. ते झाले. पुढचा निर्णय मालकांचा.

याच्या जोडीला दुसरी हकीकत ठेवून पाहावी. इराकने नायजर या देशाकडून युरेनियम घ्यायचे ठरवले होते, असे दाखवणारी काही पत्रे २००३ पूर्वी फिरत होती. इथे धातू नव्हता, धूळ नव्हती, फक्त कागद होते. अणुऊर्जा संस्थेच्या तपासनिसांनी ते कागद आपल्या इतिहाससंशोधकांप्रमाणेच तपासले. ऑक्टोबर २००० ची तारीख असलेल्या एका पत्रावर अशा परराष्ट्रमंत्र्याचे नाव होते, जो दहा वर्षांहून आधीच त्या पदावरून गेला होता. तिथी आणि वार जुळत नव्हते. ७ मार्च २००३ रोजी संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल्बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला हे कागद अस्सल नसल्याचे सांगितले. दोन आठवड्यांच्या आत इराकवर हल्ला झाला.

एका ठिकाणी धुळीने खोटे विवरण पकडले, दुसऱ्या ठिकाणी तारखेने खोटे पत्र पकडले. दोन्ही वेळा तपास बरोबर होता, आणि दोन्ही वेळा सत्तेवर असलेल्यांनी पुढचा निर्णय आपल्या कलाने घेतला. बॉम्बसाठी लागणारे द्रव्य यापुढे कुणीच तयार करू नये, असा करार करण्याची चर्चा १९९३ पासून होत आहे. तो करार कधी झालाच, तर त्यावर सह्या करणाऱ्या प्रत्येक देशाच्या गोदामासमोर एकच प्रश्न उभा राहील: हा माल कराराआधीचा की नंतरचा? भारतही त्यातून सुटणार नाही. त्या दिवशी विवरणपत्रांपेक्षा थोरियम आणि अमेरिसियम यांचे कण जास्त विश्वासाने वाचले जातील. ते वाचणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे की नाही, हे मात्र प्रयोगशाळेत ठरणार नाही. ते आपल्यासारख्या, बातमीतली किंमत वाचून पान उलटणाऱ्या वाचकांनी काय विचारले यावरही थोडेफार ठरेल.